जसे लाकूड तसा स्क्रू

कुवेत देशातील हवल्ली हा दाट वस्तीचा भाग आहे. भाड्याच्या फ्लॅटांच्या इमारती, खाली दुकानांची रांग आणि वर नाना देशांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे, असे तिथले रूप. या कुटुंबांत मराठी बोलणारीही आहेत. अशा एखाद्या घरातील लाकूडसामानावर नजर फिरवली, तर वेगवेगळे काळ एकाच खोलीत शेजारी नांदताना दिसतात. कोकणातून आणलेली आजोबांच्या वेळची सागवानी पेटी, मुलांच्या पुस्तकांसाठी पाइनच्या फळ्यांची मांडणी, आणि भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे तयार कपाट. गॅलरीत बसायला एखादे बाकडेही असते.

या चारही वस्तू बोटाएवढ्या लोखंडी तुकड्यांच्या आधारावर उभ्या असतात. कधीतरी कपाटाची बिजागरी सुटते, किंवा मांडणी डुलू लागते. घरचा माणूस खालच्या दुकानात जातो, "मोठे आणि मजबूत स्क्रू द्या" म्हणतो, आणि मूठभर घेऊन येतो. तासाभरात दार जागेवर बसते. महिनाभरात ते पुन्हा सुटते, किंवा पेटीच्या झाकणाला लांब चीर जाते. असे झाले की दोष स्क्रूला दिला जातो. खरे पाहता स्क्रू पुरेसा मजबूत असतो. तो ज्या लाकडात जाणार, त्या लाकडाचा विचार झालेला नसतो. स्क्रूची निवड दुकानात सुरू होत नाही, ती लाकडापाशी सुरू होते, एवढेच या पाठाचे सांगणे आहे.

खिळा आणि स्क्रू

खिळा ठोकला की तो लाकडाच्या तंतूंना बाजूला सारतो, आणि ते तंतू त्याला दोन्ही अंगांनी दाबून धरतात. खिळ्याची पकड ही अशी केवळ घर्षणाची असते. लाकूड सुकले किंवा हलले की ती सैल होते.

स्क्रूच्या दांड्याभोवती आटे असतात. आटा म्हणजे दांड्याला गुंडाळलेला उतार. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला, तर त्याची तिरकी कड आट्यासारखीच वर चढत जाते. डोके फिरवले की हा उतार लाकडात वाट काढत शिरतो आणि प्रत्येक दोन आट्यांमध्ये लाकडाचा एक थर बसतो. असा स्क्रू ओढून काढायचा, तर ते सगळे थर तोडावे लागतात. म्हणून स्क्रू दोन लाकडे आवळून धरतो. शिवाय उलटा फिरवला की लाकूड न बिघडवता बाहेरही येतो.

टोकदार स्क्रू ही तशी फार जुनी वस्तू नाही. पूर्वीचे स्क्रू बोथट टोकाचे असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टोकदार स्क्रू यंत्रावर होऊ लागले आणि इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड कारखान्याने ते जगभर पोहोचवले. १९०२ साली हा कारखाना गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स या मोठ्या कंपनीचा भाग झाला. तिच्याच नात्यातली भारतातील गेस्ट कीन विल्यम्स कंपनी जुन्या सुतारांना 'जीकेडब्ल्यू' या अक्षरांनी ओळखीची होती.

वरची फळी आणि खालची फळी

स्क्रूला चार अवयव असतात: डोके, मान, आटे आणि टोक. डोक्याखालचा गुळगुळीत भाग ती मान. या मानेला आटे का नाहीत, हे कळले की अर्धा पाठ कळला.

दोन फळ्या जोडताना स्क्रू वरच्या फळीतून जाऊन खालच्या फळीत शिरतो. वरची फळी म्हणजे डोक्याकडची, खालची म्हणजे टोकाकडची. जोडकाम उभे असो वा आडवे, नावे हीच. आता स्क्रूचे आटे वरच्या फळीतही धरू लागले तर काय होईल? स्क्रू फिरत राहील, पण दोन्ही फळ्या त्याच्याबरोबर सारख्याच सरकतील आणि त्यांच्यामधली फट तशीच राहील. कितीही जोर केला तरी ती मिटणार नाही. म्हणून जुन्या सुतारांचा नियम असा:

वरच्या फळीतून स्क्रू मोकळा जावा, आणि खालच्या फळीत तो घट्ट धरावा.

मोकळी मान वरच्या फळीत राहते, डोके त्या फळीला खाली दाबते, आणि आटे खालच्या फळीला वर ओढतात. फट मिटते ती या दाबामुळे आणि ओढीमुळे. हल्ली बोर्डासाठी मिळणाऱ्या बहुतेक स्क्रूंना डोक्यापर्यंत आटे असतात. तेव्हा त्यांना मान नसली, तर वरच्या फळीतले भोकच स्क्रूपेक्षा किंचित मोठे पाडावे. हेतू तोच साधतो.

या नियमातून निवडीचा क्रमही ठरतो. स्क्रूला धरून ठेवणारे लाकूड म्हणजे खालची फळी. म्हणून प्रथम ती पाहावी: ती कोणत्या लाकडाची आहे, किती जाड आहे, तिच्या कोणत्या अंगात स्क्रू शिरणार आहे, आणि ती कोणत्या हवेत राहणार आहे. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की दुकानदाराला काय मागायचे ते आपोआप कळते.

लांबी आणि जाडी

लांबीचा ठोकताळा सोपा आहे. स्क्रूची लांबी वरच्या फळीच्या जाडीच्या सुमारे तिप्पट असावी, म्हणजे त्याचा दोन तृतीयांश भाग खालच्या लाकडात जातो. वरची फळी १८ मिलिमीटर जाड असेल, तर तिप्पट होतात ५४; दुकानात ५० मिलिमीटरचा स्क्रू मिळतो, तो चालतो. त्यातला ३२ मिलिमीटर भाग खाली जाईल. खालचे लाकूड ४० मिलिमीटर जाड असेल तर टोक बाहेर येण्याची भीती नाही. पण खालचे लाकूडही १८ मिलिमीटरच असेल, तर तिप्पटीचा नियम सोडून द्यावा आणि ३० मिलिमीटरचा स्क्रू घ्यावा. टोक दुसऱ्या बाजूने बाहेर येता कामा नये, हा नियम तिप्पटीच्या नियमाहून मोठा.

जाडी दोन पद्धतींनी सांगतात. आपल्याकडचे जुने सुतार नंबर सांगतात: ६ नंबर म्हणजे सुमारे ३.५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४.२, आणि १० नंबर म्हणजे ४.८. नंबर एकाने वाढला की जाडी साधारण एक तृतीयांश मिलिमीटरने वाढते. कुवेतच्या दुकानांत खोक्यांवर बहुधा '४ × ४०' असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा जाडीचा, दुसरा लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. घरच्या कामाला ३.५, ४ आणि ५ या तीन जाड्या पुरतात.

जाड स्क्रू अधिक मजबूत खरा, पण तो लाकडाला अधिक फाकवतोही. फळीच्या टोकाजवळ तर विशेषच. म्हणून टोकापासून स्क्रूच्या जाडीच्या निदान दहापट अंतर सोडावे. ४ मिलिमीटरचा स्क्रू असेल तर ४० मिलिमीटर. आणि एकाहून अधिक स्क्रू लावायचे असतील तर ते एकाच तंतूच्या रेषेत न लावता थोडे पुढेमागे लावावेत. एका रेषेत लावलेले स्क्रू पाचरीचे काम करतात आणि फळी चिरतात.

आणखी एक गोष्ट अंगाची. फळीच्या रुंद बाजूने शिरलेला स्क्रू तंतूंना आडवा छेदतो, म्हणून तिथे पकड भक्कम असते. फळीच्या कापलेल्या टोकातून शिरलेला स्क्रू तंतूंच्या समांतर जातो. केसांच्या जुड्यात काडी खुपसावी तसे ते. काडी सहज आत जाते आणि सहज बाहेरही येते. ज्या जोडावर वजन येणार, तिथे टोकातल्या स्क्रूवर विसंबू नये.

आधी भोक, मग स्क्रू

कुवेतच्या राष्ट्रीय चिन्हावर एक शिडाचे जहाज आहे. तेल सापडण्यापूर्वी हा देश अशा जहाजांवर जगत होता. मोती काढायला आणि हिंदुस्थान व आफ्रिकेशी व्यापार करायला इथले लोक स्वतः बांधलेल्या लाकडी जहाजांतून जात. 'बूम' हा त्यांतला प्रसिद्ध प्रकार. कुवेतच्या वाळवंटात जहाजाजोगे लाकूड नाही. सागवान यायचे ते मलबारच्या किनाऱ्यावरून. हे सुतार फळ्या लांब लोखंडी खिळ्यांनी जोडत. पण खिळा सरळ सागात ठोकत नसत. धनुष्यासारख्या दोरीच्या गिरमिटाने आधी भोक पाडीत, मग त्यात खिळा घालीत. हजारो खिळे, आणि हजारो भोके. त्यांना घाई नव्हती असे नाही. पण चिरलेली फळी समुद्रात पाणी आत घेते आणि मग माणसे बुडतात, हे त्यांना ठाऊक होते. कुवेतच्या किनाऱ्यावर 'अल-हाशिमी २' हे ८० मीटरहून लांब लाकडी जहाज उभारलेले आहे. त्याच्याकडे पाहिले की त्या कारागिरीच्या आवाक्याची कल्पना येते.

स्क्रूलाही हाच धडा लागू पडतो. खालच्या फळीतले भोक स्क्रूच्या गाभ्याएवढे असावे, म्हणजे गाभ्याला जागा मिळते आणि आटे मात्र लाकूड कापत जातात. मोजपट्टी नसली तरी हे ओळखता येते. ड्रिलचे बिट स्क्रूसमोर उजेडात धरावे. बिटाआड गाभा झाकला गेला आणि दोन्ही बाजूंना आट्यांची कड दिसत राहिली, की बिट योग्य.

लाकूड कठीण असेल तर भोक किंचित मोठे, मऊ असेल तर किंचित लहान. ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी पाइनमध्ये २ मिलिमीटरचे भोक पुरते, सागात २.५ ते ३ मिलिमीटरचे लागते. वरच्या फळीत मात्र ४.५ मिलिमीटरचे मोकळे भोक पाडावे. एकाच जोडाला दोन मापांची बिटे लागतात, याचा कंटाळा करू नये. स्क्रूच्या आट्यांना थोडे मेण लावले की तो सागातही सहज फिरतो. साबण लावण्याची सवय पुष्कळांना आहे. पण साबण ओल धरतो आणि लोखंडाला गंज आणतो. मेणबत्तीचा तुकडा त्याहून बरा.

धातू कोणता

हवल्लीपासून समुद्र दूर नाही. उन्हाळ्यात वायव्येकडून कोरडे, धुळीचे वारे येतात. पुढे उन्हाळा सरताना आग्नेयेचे दमट वारे येतात आणि काचेवर पाणी साचते. या हवेत मीठही असते. म्हणून घरात आणि गॅलरीत एकच स्क्रू चालत नाही.

साध्या पोलादी स्क्रूवर जस्ताचा मुलामा असतो. तो पांढरा किंवा पिवळसर दिसतो. घराच्या आत तो वर्षानुवर्षे टिकतो. गॅलरीत मात्र मुलामा झिजला की गंज सुरू होतो आणि लाकडावर तपकिरी ओघळ उतरतात. तिथे स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्यावा. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार सर्रास मिळतात. खाऱ्या हवेला ३१६ अधिक चांगला तोंड देतो, कारण त्यात मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेला असतो. दोन्ही पोलादापेक्षा मऊ असतात, म्हणून भोक पाडल्याविना त्यांना जोराने पिळू नये.

पितळी स्क्रू शोभेचा आणि न गंजणारा. पण तो फार मऊ असतो. सागात सरळ फिरवला तर डोके तुटून हातात येते आणि धड आतच राहते. यावर जुनी युक्ती अशी आहे: त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी फिरवून वाट करावी, तो काढावा, आणि मग पितळी स्क्रू हलक्या हाताने बसवावा.

काळ्या रंगाच्या बारीक स्क्रूंबद्दल एक इशारा द्यायला हवा. छताला जिप्समचे बोर्ड लावताना ते वापरतात, म्हणून जागोजाग मिळतात आणि स्वस्त असतात. ते त्याच कामासाठी केलेले आहेत. त्यांचे पोलाद कडक पण ठिसूळ असते, वाकण्याऐवजी ते एकदम तुटते. खुर्ची, पाळणा, बाकडे, मांडणी अशा वजन झेलणाऱ्या कामात ते वापरू नयेत.

डोके आणि खाच

चपट्या डोक्याचा स्क्रू लाकडात बुडतो आणि पृष्ठभागाशी सपाट बसतो. बिजागरीच्या भोकांना उताराची कड असते, ती याच डोक्यासाठी. गोल डोक्याचा स्क्रू वर राहतो. पातळ पत्रा किंवा पट्टी दाबून धरायला, वॉशर घालायला तो बरा. बिजागरीत गोल डोके लावले तर दार नीट मिटत नाही, आणि मिटवण्याचा जोर केला की स्क्रू उपटला जातो.

डोक्यावरच्या खाचेचाही विचार करावा. एका चिरेची सपाट खाच सर्वांत जुनी. कॅनडातील रॉबर्टसन यांनी चौकोनी खाचेचे पेटंट १९०९ साली घेतले. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांची अधिक चिन्हाची खाच १९३० नंतरच्या दशकात मोटारींच्या कारखान्यांतून पसरली. आज बोर्डाच्या स्क्रूंवर अधिक चिन्हाच्या जोडीला चार बारीक रेघा दिसतात. ती पोझिड्राइव्ह खाच. तिच्यात फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावताच निसटतो आणि खाच खाऊन टाकतो. ४ आणि ५ मिलिमीटरच्या पोझिड्राइव्ह स्क्रूला २ नंबरचे बिट लागते. सहा पाकळ्यांची ताऱ्यासारखी खाच सगळ्यांत कमी निसटते. स्क्रू घेतानाच त्याचे बिट घ्यावे, म्हणजे अर्धा वैताग वाचतो.

हवल्लीच्या घरातली चार कामे

पहिले काम, सागवानी पेटी. कोकणातला पावसाळा पाहिलेले लाकूड कुवेतला आले की सुकते. या देशातील मित्रिबा या ठिकाणी २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. अशा उन्हाळ्यात घरात रात्रंदिवस एसी चालतो आणि तोही हवेतली ओल काढून घेतो. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीत आकसते. साग इतर अनेक लाकडांपेक्षा कमी हलतो, तरी जुन्या पेटीचे स्क्रू सैल होण्याएवढा हलतोच. इथे जाड स्क्रू घालण्याचा मोह होतो. त्यानेच झाकण चिरते. त्याऐवजी भोक स्वच्छ करून त्यात सागाचीच बारीक काडी सरस लावून बसवावी, एक दिवस वाळू द्यावी, मग गाभ्याएवढे नवे भोक पाडून पूर्वीच्याच मापाचा स्क्रू मेण लावून घालावा. पेटीला रुंद पट्टी जोडायची असेल तर पट्टीतले भोक गोल न करता लांबट करावे, म्हणजे लाकूड आकसले तरी स्क्रूला अडून चिरत नाही.

दुसरे काम, पाइनची मांडणी. पाइन मऊ असते, त्यात स्क्रू सहज शिरतो, म्हणून मशीनने जोर केला की डोके फळीत खोल रुतते आणि आट्यांनी कापलेले लाकूड भुग्यासारखे होते. मशीनची पकड हलकी ठेवावी आणि शेवटचे दोन फेरे हाताने द्यावेत. आडव्या फळीला उभ्या फळीतून तिच्या कापलेल्या टोकात स्क्रू मारून लटकवू नये. खाली आधाराची पट्टी लावावी आणि फळी त्या पट्टीवर टेकवावी. मग पुस्तकांचे वजन पट्टीवर जाते, स्क्रूला फक्त पट्टी धरून ठेवायची असते.

तिसरे काम, कपाटाचे सुटलेले दार. भुशाच्या बोर्डात तंतू नसतात, म्हणून त्याला दाट बारीक आट्यांचा स्क्रू चालत नाही. आटे खोल आणि विरळ असावे लागतात. असे दार बहुधा १८ मिलिमीटर जाड असते आणि बिजागरीचा स्क्रू १६ मिलिमीटरचा. तो फिरू लागला म्हणून कोणी २५ मिलिमीटरचा घातला, तर टोक दाराच्या पुढल्या अंगाने बाहेर येते. योग्य उपाय असा: खराब झालेले भोक ८ मिलिमीटरच्या बिटाने मोकळे करावे, पण आरपार जाऊ देऊ नये, त्यात तेवढ्याच जाडीची लाकडी गुल्ली सरस लावून बसवावी, वाळल्यावर कापून सपाट करावी आणि तिच्यात नवे भोक पाडून जुन्याच मापाचा स्क्रू लावावा. आता स्क्रूला धरायला खरे लाकूड मिळाले. आगपेटीच्या काड्या भरण्याची पद्धत तात्पुरती चालते. रोज पन्नासदा उघडणाऱ्या दाराला ती पुरत नाही.

चौथे काम, गॅलरीतले बाकडे. इथे लाकूड कोणतेही असो, स्क्रू स्टेनलेसचा. डोके लाकडात किंचित बुडवावे, कारण उन्हात तापलेले धातूचे डोके मांडीला चटका देते. वर्षातून एकदा सगळे स्क्रू तपासून अर्धा फेरा आवळावेत.

भिंत हे लाकूड नव्हे

हवल्लीच्या फ्लॅटांच्या भिंती काँक्रीटच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत स्क्रू स्वतःहून धरत नाही. आधी मापाचे भोक, त्यात प्लॅस्टिकची गिट्टी, आणि गिट्टीत स्क्रू. स्क्रू आत शिरला की गिट्टी फुगते आणि भिंतीला दाबून धरते. गिट्टीच्या पाकिटावर स्क्रूची जाडी लिहिलेली असते, तीच घ्यावी.

उंच कपाट किंवा मांडणी भिंतीला बांधणे ही हौस नव्हे. लहान मूल खण उघडून त्यावर पायरीसारखे चढते, आणि भरलेले कपाट पुढे कलंडते. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला घरमालक कुरकुर करील. त्याची परवानगी आधी मागून घ्यावी, पण कपाट मोकळे ठेवू नये. घर सोडताना भोक बुजवता येते. कपाटाच्या मागचा पातळ पत्रा किंवा पातळ प्लाय हा आधार नव्हे. कोन लावायचा तो कपाटाच्या जाड फळीला. इथेही पहिला नियम खरा ठरतो: जिथे धरायचे, तिथे धरण्याजोगे काही आहे की नाही ते आधी पाहावे.

खरेदीला जाताना

दुकानात जाताना जुना स्क्रू आणि शक्य असेल तर लाकडाचा तुकडा बरोबर न्यावा. जुना स्क्रू सैल का झाला तेही आठवावे. लाकूड चिरले होते की भोक मोठे झाले होते, गंज चढला होता की खाच गेली होती? प्रत्येक कारणाला वेगळे उत्तर आहे, आणि "याहून मोठा द्या" हे त्यातले क्वचितच असते. ज्येष्ठांनी मुलांना बरोबर न्यावे. मुलांच्या हाती मशीन लवकर येते. बिट उजेडात धरून पाहण्याची सवय मात्र कोणीतरी लावावी लागते.

शब्दांची ओळख

आटे: स्क्रूवरची फिरती धार. आटे झिजले की "आटे गेले" असे म्हणतात.

मळसूत्र: शास्त्राच्या पुस्तकातला स्क्रूसाठीचा शब्द. मळसूत्री म्हणजे आट्यांसारखे वळसे घेत जाणारे.

पेच: फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ पीळ, वळसा. अडचणीत सापडलेला माणूस 'पेचात' सापडतो.

खिळणे: खिळ्याने पक्के करणे. त्यावरूनच नजर खिळते, पाय जागीच खिळतात. अरबीत खिळ्याला 'मिस्मार' म्हणतात. कुवेतच्या दुकानात हा शब्द उपयोगी पडतो.

गिरमिट: लाकडाला भोक पाडण्याचे हातहत्यार. एखाद्याने एकच विषय उकरून उकरून काढला तर त्याने 'गिरमिट लावले' असेही म्हणतात.

गुल्ली: भोकात बसवण्याचा गोल लाकडी तुकडा.

सरस: लाकूड चिकटवण्याचा पदार्थ. पूर्वी तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळून करीत; हल्ली पांढरा तयार मिळतो. 'अधिक चांगले' या अर्थाचा 'सरस' वेगळा.

स्वाध्याय

१. वरच्या फळीतले भोक मोकळे का ठेवतात? दोन वाक्यांत सांगा.

२. १५ मिलिमीटर जाडीची फळी ५० मिलिमीटर जाडीच्या लाकडावर जोडायची आहे. स्क्रूची लांबी किती घ्याल?

३. १८ मिलिमीटर जाडीच्या दाराची बिजागरी सुटली आहे. लांब स्क्रू का चालणार नाही? योग्य उपाय क्रमाने लिहा.

४. घरातील एका जुन्या लाकडी वस्तूचे स्क्रू पाहा. त्यांची डोकी, खाचा आणि धातू ओळखा. ती वस्तू कोणी केली, कोठून आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच ओळी लिहा.

५. 'खिळणे', 'पेच' आणि 'सरस' हे शब्द दोन-दोन अर्थांनी वाक्यांत वापरा.